मंदिराच्या पायरीला दांडा हवा



गेल्या भाद्रपदात मी महिनाभर इथं काहीच लिहिलं नाही, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं होतं, बरी आहेस ना म्हणून. मी बरी होते. आमच्या सासूबाई पडल्या होत्या.

दशलक्षण पर्वाचा सहावा दिवस, उत्तम संयम. त्यांचा उपवास होता. सकाळचा अभिषेक झाला, गंधोदक कपाळाला लावलं, आणि अष्टद्रव्याचं ताट दोन्ही हातांत धरून त्या मंदिराच्या पायऱ्या उतरायला लागल्या. शेवटच्या पायरीवरून अंगणात पाय टाकला तो जमिनीला लागलाच नाही. म्हणजे लागला, पण अपेक्षेपेक्षा उशिरा आणि खोल. ताट एकीकडे, त्या एकीकडे. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चौदा दिवस दवाखाना, मग दोन महिने वॉकर. आता काठी घेऊन चालतात. मंदिरात येतात, पण पायऱ्या चढत नाहीत. खाली अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच हात जोडतात. चाळीस वर्षं रोज गाभाऱ्यापर्यंत जाणाऱ्या बाईला अंगणातून शिखराकडं बघत बसलेलं पाहिलं की मला रडू येतं, आणि रागही येतो. हा लेख त्या रागातूनच लिहिते आहे, म्हणून कुठं शब्द कडक आला तर सांभाळून घ्या.

पडल्या त्या दिवशी सगळे काय म्हणाले ते ऐका. "उपवास होता ना, चक्कर आली असेल." "वय झालं आता." "कर्माचा उदय." सासूबाई स्वतः तेच म्हणत होत्या. मी पण पहिले काही दिवस मान डोलावली. पण दवाखान्यात त्या मला परत परत एकच वाक्य सांगत राहिल्या, "चक्कर नव्हती गं आली. पायरी संपली वाटलं नाही, जमीनच खाली गेली." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मग एका दुपारी मंदिरात कुणी नसताना मी शिवणाची टेप घेऊन गेले आणि पायऱ्या मोजल्या. नऊ चढ आहेत. मधल्या सात पायऱ्यांची उंची प्रत्येकी सतरा सेंटीमीटर. सगळ्यात वरची साडेबारा. सगळ्यात खालची साडेएकवीस. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा लेकाला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतलं. तेच.

असं का झालं हे गवंड्याला विचारलं तर त्यानं एका मिनिटात सांगितलं. तीन वर्षांपूर्वी जुन्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर संगमरवर बसवला. मसाला आणि फरशी मिळून साडेचार सेंटीमीटरचा थर. सगळ्याच पायऱ्या तेवढ्याच वर उचलल्या गेल्या, म्हणून मधल्यांचं आपसातलं अंतर तसंच राहिलं. पण खालचं अंगण जिथं होतं तिथंच राहिलं आणि वरचा सभामंडपही. त्यामुळं खालच्या पायरीत साडेचार वाढले, वरच्या पायरीतून साडेचार गेले. एकूण उंची पहिल्याइतकीच, पाच फूट. हिशेब जुळला. फक्त पायाला तो हिशेब कुणी सांगितला नव्हता.

आपला पाय फार हुशार असतो हो. पहिल्या दोन पायऱ्या उतरला की त्याला उंची पाठ होते, पुढं तो डोळ्यांना विचारत नाही. म्हणून तर आपण बोलत बोलत, पोराला हाक मारत जिना उतरू शकतो. आणि म्हणूनच एखादी पायरी बोटभर जास्त किंवा कमी असली की फसगत होते. सगळ्या पायऱ्या उंच असत्या तरी चाललं असतं, दम लागला असता पण पडलो नसतो. घात होतो तो एकीच्या वेगळेपणामुळं. आणि ही वेगळी पायरी बहुतेक वेळा पहिली किंवा शेवटचीच असते, कारण फरशी बदलताना गडबड तिथंच होते. तुमच्या घराचा जिना, तुमच्या सोसायटीचा जिना, आजच टेप लावून बघा. मला खात्री आहे, निम्म्या जणींना काहीतरी सापडेल.

त्यानंतर मी नियम काय आहेत ते शोधायला बसले. आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्यानं मदत केली. आपल्या देशात राष्ट्रीय इमारत संहिता म्हणून एक मोठा ग्रंथ आहे, २०१६ सालची आवृत्ती सध्या वापरात आहे. त्यात राहत्या घराच्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितली आहे. पण जिथं लोक जमतात अशा इमारतींसाठी माप वेगळं आहे, उंची १५० च्या वर नको आणि पाय ठेवायला ३०० तरी हवेत. म्हणजे मंदिर, सभागृह, शाळा, कार्यालय यांच्या पायऱ्या घरापेक्षा बुटक्या आणि रुंद हव्यात. कारण सरळ आहे. घरचा जिना घरच्यांच्या पायाखालचा असतो. मंदिरात पाहुणे येतात, म्हातारी माणसं येतात, गर्दीत येतात, आणि एकमेकांच्या पाठोपाठ उतरतात. आमच्या मंदिरात आपण घराच्या जिन्याएवढ्याच पायऱ्या बांधल्या आणि वर संगमरवर चढवला.

गवंड्याकडं आणखी एक सोपं गणित मिळालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज साठ सेंटीमीटरच्या आसपास आली की जिना अंगाला बसतो. पंधरा दुणे तीस अधिक तीस, साठ. एकोणीस दुणे अडतीस अधिक पंचवीस, त्रेसष्ट. सतराव्या शतकात ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकारानं हाच हिशेब चोवीस इंचांचा म्हणून मांडला होता, त्याच्या देशाचा इंच आपल्या इंचापेक्षा जरा मोठा असायचा एवढंच. माणसाच्या पावलाची लांबी हेच त्यामागचं खरं माप. आमच्या मंदिराच्या मधल्या पायऱ्या सतरा दुणे चौतीस अधिक सव्वीस, बरोबर साठ. ज्या जुन्या कारागिरानं काळ्या दगडात त्या बांधल्या त्याला हे माहीत होतं. शेवटच्या पायरीला तेच गणित लावून बघितलं तर एकोणसत्तर येतात. त्याच्या कामाची वाट आपण तीन वर्षांपूर्वी लावली.

आता कठड्याकडं येते. आमच्या पायऱ्यांना कठडा नाहीच. दोन्ही बाजूंना हत्तीच्या सोंडेच्या आकाराच्या संगमरवरी भिंती आहेत, दीड वीत रुंद, वर गुळगुळीत. फोटोत फार सुंदर दिसतात. पण तुम्ही कधी पडता पडता दीड वीत रुंद दगड पकडून बघितला आहे का? हात घसरतो. पकडायची वस्तू मुठीत मावावी लागते. अपंग आणि वृद्ध व्यक्तींना इमारतीत वावरता यावं म्हणून केंद्र सरकारची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात हा दांडा गोल, ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा हवा असं लिहिलं आहे, म्हणजे साधारण दीड ते पावणेदोन इंच. लाटण्याची मधली जाडी आठवा, तेवढा. भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे बोटं मागून फिरतील. दोन्ही बाजूंना हवा, कारण एखादीचा डावा हात अधू असतो, एखादीचा उजवा. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की दांडा शेवटच्या पायरीशी तोडायचा नाही, तो वर आणि खाली एकेक फूट पुढं न्यायचा. सासूबाई जिथं पडल्या ती जागा नेमकी तीच. बहुतेक ठिकाणी दांडा शेवटच्या पायरीच्या आधीच संपतो, कारण पाइप वाचवायचा असतो. आधाराची गरज सगळ्यात जास्त असते तिथंच हात रिकामा.

उंचीबद्दलही गोंधळ असतो. संहितेत पायरीच्या मधोमध मोजून एक मीटरपर्यंतची उंची सांगितली आहे, ती कडेवरून खाली पडू नये म्हणून. पण हातानं धरायला ठेंगण्या बायकांना आणि मुलांना ती जास्त होते. म्हणून त्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन दांडे सुचवले आहेत, एक ९०० च्या आसपास आणि एक ७६० ला. घरात जसा एक नळ मोठ्यांसाठी आणि एक खाली मुलांसाठी असतो तसं. आणि उभे गज असतील तर त्यांच्यामधून लहान मुलाचं डोकं जाऊ नये, म्हणजे चार इंचांपेक्षा जास्त फट नको. फॅब्रिकेटर नक्षी दाखवून भुलवतात, मधे मोराची, कमळाची. नक्षी जरूर घ्या, पण आधी फटीत मूठ घालून बघा, आणि नक्षीवर पाय देऊन पोर वर चढणार नाही ना तेही बघा.

लँडिंग म्हणजे दोन जिन्यांमधला सपाट टप्पा. तो काही शोभेसाठी नसतो. तिथं दम घ्यायचा असतो, समोरून येणाऱ्याला वाट द्यायची असते, आणि कुणी घसरलंच तर अख्खा जिना गडगडत न जाता तिथं थांबावं म्हणून तो असतो. एका सलग ओळीत किती पायऱ्या असाव्यात यालाही म्हणून मर्यादा आहे. २००५ सालच्या संहितेत ती पंधरा होती. लँडिंग जिन्याएवढा तरी रुंद हवा, आणि दार उघडल्या उघडल्या पायरी लागता कामा नये, मधे उभं राहायला जागा हवी. आता तुमच्या सोसायटीतला टप्पा डोळ्यांसमोर आणा. चपलांचं कपाट, मनी प्लँटची कुंडी, मुलाची जुनी सायकल, देणगीदारांच्या नावाचा फलक. आमच्या मंदिरात वरच्या टप्प्यावर दानपेटी ठेवली आहे. दर्शन झालं की माणूस वळतो, दान टाकतो, मागं सरतो, आणि मागं पायरी.

जरा आपल्या सवयींचंही बोलू. आपण मंदिरात अनवाणी जातो, बऱ्याचदा नुकती आंघोळ करून, ओल्या पायांनी. सोवळ्याच्या साडीचा घोळ एका हातात, ताट दुसऱ्या हातात, किंवा दोन्ही हात ताटाला. अभिषेकाचं पाणी पायऱ्यांवर सांडलेलं असतं. आणि अक्षता! पॉलिश केलेल्या संगमरवरावर तांदळाचे दाणे म्हणजे छर्रे. मी स्वतः एकदा त्यावरून घसरले आहे, तेव्हा सोंडेला घट्ट मिठी मारली म्हणून वाचले आणि सगळ्यांना हसू आलं, मलाही. त्यात दशलक्षणात निर्जळी उपवास करणाऱ्या किती जणी असतात. डोळ्यांपुढं अंधारी येणं हा उपवासाचा दोष नाही, शरीराचा धर्म आहे. उपवासाची परंपरा हजारो वर्षांची आहे आणि तो करणाऱ्या बाया रोज आपल्या पायऱ्यांवर येणार हे समितीला माहीत असतं. मग पायरी त्यांच्या हिशेबानं बांधायला नको? जिथं उपवास करणारे येतात तिथला जिना इतरांपेक्षा जास्त सांभाळून बांधला पाहिजे.

काही जणी म्हणतील, पायरी बघून चालावं, आपल्याला ईर्या समिती शिकवलीच आहे की. अगदी बरोबर. चार हात पुढची जमीन पाहत चालायचं, कुठला जीव पायाखाली येऊ नये म्हणून. पण ईर्या समितीत आणखी एक गोष्ट आहे, ती आपण विसरतो. मुनी महाराज रात्री विहार करत नाहीत. उजेड असल्याशिवाय जमीन दिसत नाही, आणि दिसत नसेल तर चालायचं नाही. आपण मात्र पहाटे पाचला अंधारात मंदिरात जातो, आणि पायऱ्यांवर दिवा लावायला काही ठिकाणी विरोध होतो, का तर दिव्यावर किडे येऊन मरतात. ही भावना मी हसण्यावारी नेणार नाही, मलाही ती आहे. पण अंधारात पायाखाली काय चिरडलं जातं ते आपल्याला दिसत नाही एवढंच. बल्ब उंचावर उघडा लावू नका. पायरीच्या कडेला, खाली तोंड केलेला, मंद पिवळा, झाकलेला दिवा लावा, आणि उजाडलं की बंद करा. किडे कमी येतात आणि पायरी दिसते. घरी जिन्याला दोन बटणांची सोय करून घ्या, एक वर, एक खाली, म्हणजे अंधारात चाचपडत जावं लागत नाही. हे काम इलेक्ट्रिशियन एका दुपारी करून देतो.

हिंसेची व्याख्या करताना तत्त्वार्थसूत्रात प्रमादाचा उल्लेख आधी आहे, प्राणहानीचा नंतर. बेफिकिरी हेच मूळ. पाठशाळेत आपण हे मुलांना मुंगीच्या उदाहरणानं शिकवतो. त्याच पाठशाळेच्या जिन्याला कठडा नाही अशी किमान दोन गावं मला माहीत आहेत.

हे सगळं फक्त म्हातारपणाचं दुखणं आहे असंही समजू नका. २८ जानेवारी २०२५ चा दिवस तुम्हाला आठवत असेल. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या बडौत गावी भगवान आदिनाथांचा निर्वाण महोत्सव होता, लाडू चढवण्यासाठी लोक मानस्तंभापाशी उभारलेल्या लाकडी मचाणावर चढत होते, आणि मचाण कोसळलं. सात जण गेले, कितीतरी जखमी झाले. ती बातमी आपण सगळ्यांनी एकमेकींना पाठवली, णमोकार म्हटला, आणि चार दिवसांनी विसरलो. आपल्याकडं दर वर्षी कुठं ना कुठं पंचकल्याणक असतं. जन्माभिषेकासाठी पांडुकशिला उभी करतात, तिला तात्पुरता जिना असतो, एकेका वेळी कलश घेऊन किती माणसं चढतात ते आपण पाहतोच. त्या जिन्यावर एका वेळी किती जणांचं वजन चालेल हे कुणी लिहून लावलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. पुढच्या वेळी संयोजकांना विचारा. उत्तर येवो न येवो, प्रश्न विचारला गेला पाहिजे.

गर्दी आणि पायऱ्या यांचं वैर जुनं आहे. आपल्या साताऱ्यात वाईजवळ मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, तीनशेच्या घरात माणसं गेली. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला पावसात तेवीस जण गेले, तोही जिनाच होता. दोन्ही ठिकाणची माणसं आपल्यासारखीच घाईत, हातात पिशव्या घेऊन निघाली होती.

कुणी म्हणेल, गिरनारला दहा हजार पायऱ्या आहेत, शत्रुंजयला साडेतीन हजार, तिथं कुठली तुमची संहिता? खरं आहे. डोंगराला माप सांगता येत नाही, आणि जुन्या वारशाच्या दगडाला हात लावायचाही नाही. पण श्रवणबेळगोळला विंध्यगिरीवर ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि धरायला लोखंडी दांडे आहेत. त्यांना धरून चढताना माझी भक्ती काही कमी झाली नाही. उलट हात गुंतलेला असला की फोन बाहेर निघत नाही, हा एक फायदाच. आणि खरं सांगू, डोंगरावर आपण सावध असतो. काठी घेतो, थांबतो, एकमेकींना हात देतो. पडतो ते गावच्या मंदिरात, रोजच्या नऊ पायऱ्यांवर.

आता समितीचं सांगते. मंदिर कुठलं ते लिहीत नाही, माणसंही आपलीच आहेत. मी टेपची मापं कागदावर लिहून अध्यक्षांकडं गेले. अण्णा वयानं मोठे, मायाळू. म्हणाले, "बाळ, इतकी वर्षं कोणी पडलं नाही." मी म्हटलं, "अण्णा, तीन वर्षांत कोण कोण पडलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही." कारण रविवारच्या स्वाध्यायानंतर मी बायकांत विचारलं होतं, तर सात जणींनी आपापली घसरण सांगितली. एकीचा मनगटाचा कडा अजून वाकडा आहे. पण समितीत एकही बाई नाही, मग ही गोष्ट पोचणार कशी? आपण घरी जाऊन हळद लावतो आणि गप्प बसतो.

दुसरं उत्तर असं आलं की दांडा लावला तर मंदिराची शोभा जाईल, समोरून शिखर नीट दिसणार नाही. दीड इंचाच्या पाइपामागं शिखर झाकलं जातं हे मी प्रथमच ऐकलं. तिसरं उत्तर, पैसे. त्याच बैठकीत कलशाला सोन्याचा मुलामा द्यायची चर्चा झाली होती, म्हणून मी त्यावर काहीच बोलले नाही. फक्त एवढं विचारलं, पहिल्या कलशाची बोली लागते तशी दांड्याची बोली का लागत नाही? अभयदान म्हणतो ना आपण, ते हेच नाही का? यावर अण्णा हसले. पण हसून विषय बदलला नाही त्यांनी, हे त्यांचं मोठेपण.

अवघड जागा संगमरवराची होती. तो एका घरानं आईच्या स्मरणार्थ दिलेला आहे, प्रत्येक पायरीवर नाव कोरलेलं आहे. ते घर आमच्या नात्यातलं. त्यांना कसं सांगायचं की तुमच्या आईच्या नावाच्या पायरीवरून माझ्या सासूबाई पडल्या? मी आठ दिवस झोपले नाही नीट. शेवटी त्यांच्या सुनेलाच गाठलं. ती ऐकून घेत होती, मधेच म्हणाली, "वहिनी, मी स्वतः दोनदा घसरले आहे तिथं. घरात बोलायची सोय नव्हती." तिनंच सुचवलं की नावं काढून भिंतीवर एका पाटीत घ्यावीत. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. पटेल न पटेल, पण बोलणं सुरू झालं.

कायद्याचा धाक दाखवायचा माझा स्वभाव नाही, तरी माहीत असावं म्हणून सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सार्वजनिक इमारत कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि तिच्यात धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी इमारतीसुद्धा येतात. म्हणजे मंदिर हे आपलं खासगी काम आहे असं म्हणून सुटका नाही. खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमच्या पाच फुटांना साठ फूट, तेवढं अंगण समोर नाही, बाजूनं वळवून काढावा लागेल, त्याला वेळ लागेल हे मला समजतं. पण उताराची जागा मिळेपर्यंत दांडाही लावायचा नाही, हे मला समजत नाही.

तोवर आम्ही बायकांनी आमच्यापुरतं जे करता आलं ते केलं. ताट दोन्ही हातांत धरून चढायचं नाही, द्रव्य झाकणाच्या डब्यात, डबा खांद्याच्या पिशवीत, म्हणजे एक हात मोकळा. ताटं वरच्या कपाटात ठेवली आहेत, चढल्यावर मांडायची. अभिषेकानंतर पायऱ्या कोरड्या पुसायची पाळी लावली, आणि अक्षता झाडायचा मऊ कुंचा वरच ठेवला, जीव सांभाळून झाडता येईल असा. दानपेटी चार फूट आत सरकवली, ती आम्ही कुणाला न विचारताच सरकवली. आणि प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीची खरखरीत गडद पट्टी चिकटवली, कारण पांढऱ्यावर पांढरं असलं की कड कुठं संपते तेच मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही. पट्टी दिसायला चांगली नाही, हे मान्य. एका काकांनी तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईच मला म्हणाल्या, "पायरी दिसायला लागली गं."

दांड्याचं म्हणाल तर गेल्या महिन्यात बैठकीत मंजूर झालं, एका बाजूचा. दुसऱ्या बाजूचं पुढं बघू म्हणाले. फॅब्रिकेटर मापं घ्यायला आला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले. त्यानं शेवटच्या पायरीच्या अलीकडंच खूण केली. मी म्हटलं, "दादा, अजून एक फूट पुढं." तो म्हणाला, "ताई, तिथं पायरीच नाही." मी सासूबाईंना खुर्चीतून उठवून त्या जागी उभं केलं, त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं करून दाखवला, कुठं आधार हवा होता तो. त्यानं मुकाट्यानं खूण पुसली आणि त्यांच्या हाताच्या पुढं नवी मारली.

पुढच्या आठवड्यात पाइप येतोय. भिंतीत धरताना बोल्ट नुसत्या संगमरवराच्या फरशीत नको, मागच्या पक्क्या दगडात चार इंच तरी खोल गेला पाहिजे, हे मी त्याला तीनदा सांगितलं आहे, चौथ्यांदा सांगायला मी तिथं असेनच. खालच्या पायरीचं साडेचार सेंटीमीटरचं दुखणं मात्र अजून तसंच आहे. त्यासाठी देणगीदारांच्या घरी परवा परत जायचं आहे. त्यांची सून म्हणाली आहे, या वेळी सासूबाईंनाही घेऊन या.